डायल-अपच्या काळातली कार्टुने : प्रस्तावना

इंटरनेटसाठी म्हणून काढलेल्या पहिल्यावहिल्या कार्टुनांचा अभ्यास करायचा आहे, असे कोणी म्हटले की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. ॲनिमेशनचे जाणकार म्हणतात, ‘त्यात ॲनिमेशन होते कुठे? एक हात हलतो, तोंड उघडते-मिटते, बाकी सारे जागच्या जागी.’ संगणकवाले म्हणतात, ‘फ्लॅश? ते तर केव्हाच बंद पडले!’ दोघेही खरे तेच बोलत असतात, आणि गंमत अशी की या विषयातले दोन मोठे प्रश्न त्यांनी नकळत मांडलेले असतात. इतक्या थोड्या हालचालीत ही कार्टुने जगभर लोकांना का धरून ठेवू शकली? आणि ज्या यंत्रणेवर ती चालत होती ती यंत्रणाच उठून गेल्यावर त्यांचा अभ्यास करायचा तरी कसा?

या प्रस्तावनेत मी १९९६ ते २००५ एवढाच काळ धरला आहे. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर हा, पुढे फ्लॅश म्हणून ओळखला गेलेला, प्रोग्रॅम बाजारात आला; २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले. कोणी या सीमा हलवू म्हणेल तर माझी हरकत नाही. १९९५ च्या ‘द स्पिरिट ऑफ ख्रिसमस’ या ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांच्या लघुपटाच्या प्रती हातोहात आणि इंटरनेटवरूनही फिरल्या, त्यातूनच पुढे १९९७ मध्ये ‘साउथ पार्क’ टीव्हीवर आले. १९९६ चे नाचणारे बाळ ईमेलला जोडून घरोघरी पोचले. पण हा लघुपट आणि हे बाळ दोन्ही इंटरनेटवर आली ती पाहुणी म्हणून. इंटरनेट हेच घर मानून काढलेली कार्टुने त्यानंतरची.

आधी तारेचा हिशेब मांडू, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. ३२० बाय २४० ठिपक्यांचे एक रंगीत चित्र, काहीही न दाबता जसेच्या तसे ठेवले, तर सव्वादोनशे केबी जागा खाते. घरच्या फोनला जोडलेल्या ५६ के मोडेममधून प्रत्यक्षात सेकंदाला पाचेक केबी आले तरी माणूस खूश असे. म्हणजे एका चित्राला पाऊण मिनिट. सेकंदाला बारा चित्रे धरली तर मिनिटभराच्या कार्टुनाला नऊ तास लागतील, आणि तोवर घरचा फोन अडकलेला! व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या युक्त्या होत्या, नाही असे नाही, पण त्यातून पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत अडखळणारी, धुरकट चित्रे मिळत.

यावरचा तोडगा ज्याला व्हेक्टर चित्र म्हणतात त्यात होता. फोनवरून मैत्रिणीला रांगोळी सांगायची असेल तर आपण काय करतो? ‘सात ठिपके सात ओळी काढ, कडेचे जोड, पाकळीत लाल भर’ असे सांगतो. तारेतून जाते ती कृती. रांगोळी पलीकडच्या अंगणात निघते. फ्लॅशची फाइलही अशीच होती. ही वक्ररेषा इथून इथे, तिच्या आत हा रंग, आणि दहाव्या चित्रापर्यंत ती तिथे सरकव, एवढाच निरोप येई आणि चित्र पाहणाऱ्याच्या संगणकावर तयार होई. शिवाय एकदा काढलेला हात, डोळा किंवा ढग ‘सिम्बॉल’ म्हणून साठवला की तो शंभरदा वापरला तरी वजन जवळजवळ एकदाचेच. ‘इथून तिथे’ एवढे सांगितले की मधली चित्रे प्रोग्रॅम स्वतः काढी. त्याला ‘ट्वीन’ म्हणत. आणि पूर्ण फाइल उतरायची वाट पाहावी लागत नसे. पहिली चित्रे आली की कार्टून सुरू होई, मागचे मागून येत राही.

हे ज्यांनी घडवले त्यांना कार्टून काढणारांसाठी हत्यार करायचे नव्हते. जोनाथन गे हा तरुण प्रोग्रॅमर मॅकिन्टॉशवरच्या ‘डार्क कॅसल’ या गाजलेल्या खेळामुळे ओळखला जाई. १९९३ मध्ये तो आणि चार्ली जॅक्सन यांनी फ्यूचरवेव्ह ही छोटी कंपनी काढली, ती पडद्यावर पेनाने लिहिता येणाऱ्या संगणकांसाठी चित्रकलेचा प्रोग्रॅम करायला. त्या संगणकांचा बाजार उभाच राहिला नाही. मग स्मार्टस्केच नावाने तोच प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकवर आणला. १९९५ च्या सिग्राफ प्रदर्शनात भेटणारे लोक एकच सुचवत होते: यात हालचाल घाला. पैसे संपत आले होते, म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी आपले तंत्र ॲडोबीला विकण्याचा प्रयत्न केला. ॲडोबीने घेतले नाही. मग नेटस्केपने ब्राउझरमध्ये प्लग-इनची सोय केली, आणि हालचाल घातलेल्या त्या प्रोग्रॅमला, म्हणजे फ्यूचरस्प्लॅशला, दार मिळाले. मायक्रोसॉफ्टचे एमएसएन आणि डिस्ने हे पहिले मोठे ग्राहक. १९९६ च्या डिसेंबरात मॅक्रोमीडियाने कंपनी विकत घेतली आणि प्रोग्रॅमचे नाव फ्लॅश झाले. पुढे २००५ मध्ये ॲडोबीने अख्खी मॅक्रोमीडिया घेतली. दहा वर्षांपूर्वी नाकारलेला माल फिरून त्याच दारात आला, तो कित्येक पट दामाने.

आता हत्यार आले, पण त्याचे वळण कसे होते ते पाहिल्याशिवाय त्या काळचे चित्र कळत नाही. रेषेला जितकी वळणे तितकी फाइल जड, म्हणून चित्रकार आपलीच रेषा गुळगुळीत करून वळणे कमी करत. छटा टाळून सपाट रंग भरत. आवाजाचे वजन चित्रांहूनही जास्त पडे. १९९९ च्या फ्लॅश ४ मध्ये एमपी३ आवाजाची सोय झाली आणि मगच कार्टुने मनसोक्त बोलू लागली. माझ्या मते या दशकातला हा सर्वांत मोठा तांत्रिक बदल आहे, चित्रकलेच्या साऱ्या नव्या सोयींपेक्षा मोठा. कारण त्यानंतर विनोदाचा भार हालचालीवरून बोलण्यावर, आवाजाच्या ठेक्यावर, मधल्या शांततेवर आला. जाणकारांना जी उणीव वाटते ती खरे तर एक निवड होती, आणि ती चांगल्या कलावंतांनी शहाणपणाने केली. वाईट कलावंतांनीही केलीच. त्यांची संख्या जास्त आहे, हे नव्या अभ्यासकाने आधीच समजून असावे.

या क्षेत्रात ‘पहिले’ कोण, हा वाद कधी मिटत नाही आणि मला त्यात फारसा रसही नाही. बहुतेक जण जॉन क्रिकफालूसी याच्या ‘द गॉडडॅम जॉर्ज लिकर प्रोग्रॅम’ या मालिकेकडे बोट दाखवतात. ऑक्टोबर १९९७ पासून ती त्याच्या स्पमको स्टुडिओच्या साइटवर आली. महत्त्वाचे हे की ‘रेन अँड स्टिम्पी’ ही टीव्ही मालिका निर्माण करून निकलोडियन वाहिनीशी भांडण झाल्याने १९९२ मध्ये त्या मालिकेतून दूर झालेला हा माणूस वाहिनीच टाळून थेट प्रेक्षकांकडे आला. टीव्हीवरच्या स्वस्त, आखडलेल्या ॲनिमेशनवर आयुष्यभर टीका करणाऱ्याने त्याहूनही आखडलेले माध्यम निवडले, कारण इथे वर बसून कात्री चालवणारे कोणी नव्हते. मोकळीक आणि मर्यादा एकाच वेळी पदरात घेण्याचा हा सौदा पुढे शेकडो जणांनी केला.

तेवढ्यात पैसा आला. १९९९ ते २००१ हा काळ या इतिहासात सर्वाधिक रंगवून सांगितला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी शिकवतो. आइसबॉक्स ही कंपनी टीव्हीवरच्या यशस्वी लेखकांनी काढली; माइक रीस याचे ‘क्वीअर डक’ तिथलेच. तिथल्याच ‘मिस्टर वाँग’वर चिनी माणसाच्या विद्रूप चित्रणाबद्दल आशियाई-अमेरिकी लोकांनी निषेध केला. कात्री नसण्याची ही दुसरी बाजू, आणि ती अभ्यासातून वगळता येणार नाही. स्टॅन ली याच्या नावाने निघालेल्या कंपनीने ‘द सेव्हन्थ पोर्टल’ काढले आणि २००० सालच्या अखेरीस तिचे काम थांबले. ड्रीमवर्क्स आणि इमॅजिन यांचे पॉप डॉट कॉम सुरू होण्याआधीच बंद झाले. शॉकवेव्ह या साइटने टिम बर्टनकडून ‘स्टेनबॉय’ करून घेतले, आणि पार्कर-स्टोन जोडीशी ‘प्रिन्सेस’ या मालिकेच्या ३९ भागांचा करार केला. त्यातले दोनच भाग तयार झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये आइसबॉक्सही मिटले. या सगळ्यांची समजूत एकच होती: इंटरनेट म्हणजे छोटा टीव्ही, नावाजलेला माणूस आणला की प्रेक्षक येतील आणि जाहिराती मागोमाग. प्रेक्षक आलेही, त्यांच्यापासून कमाई कशी करायची ते मात्र कोणाला सुचले नाही.

टिकले ते दुसरेच. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाचे माइक आणि मॅट चॅपमन हे दोघे भाऊ. माइक १९९६ मध्ये क्रेग झोबेल या मित्राबरोबर गंमत म्हणून एक खोटे बालपुस्तक काढून बसला होता. त्यातला होमस्टार रनर हा हात नसलेला, बोबडा, भाबडा खेळाडू २००० च्या सुरुवातीला दोघा भावांनी स्वतःच्या साइटवर आणला. सुरुवातीचे भाग आज पाहिले तर फारसे हसू येत नाही. फरक पडला ऑगस्ट २००१ मध्ये. कुस्तीगिराचा मुखवटा आणि हातांत बॉक्सिंगचे मोजे घातलेला खलनायक स्ट्राँग बॅड प्रेक्षकांच्या खऱ्या ईमेलना संगणकासमोर बसून उत्तरे देऊ लागला. हे दोनशेहून अधिक भाग या विषयाचा गाभा आहेत असे मी मानतो. पडद्यावर एक खोली, एक जुनाट संगणक, एक तोंड. त्या काळी प्रेक्षकही नेमका तसाच, एका खोलीत, एका संगणकासमोर बसलेला. पाहणाऱ्याची आणि पाहिल्या जाणाऱ्याची बैठक एकच झाली, आणि टीव्हीला हे कधी जमले नसते.

त्यातही खरी करामत भागाच्या शेवटी आहे. उत्तर टाइप करून झाले की पडद्यावरच्या एखाद्या शब्दावर माउस नेला असता बाण बदलून हात होई. क्लिक केले तर आणखी एक विनोद, एखादे गाणे, एखादा खेळ. ठाऊक असणारे पडदा चाचपून पाहत, ठाऊक नसणारे तसेच पुढे जात. लपवलेले शोधून एकमेकांना सांगणाऱ्यांचा एक समाजच तयार झाला. जानेवारी २००३ मधल्या एका पत्रात कोणीतरी ड्रॅगन काढायला सांगितला, त्यातून ट्रॉग्डोर नावाचा, एका बाजूला पिळदार दंड फुटलेला ड्रॅगन निघाला आणि त्याचे टीशर्ट अमेरिकेतल्या कॉलेजांतून दिसू लागले. साइटवर जाहिराती नव्हत्या. टीशर्ट, डीव्हीडी अशा वस्तूंच्या विक्रीवर दोघा भावांचा चरितार्थ चालला. आइसबॉक्सच्या हुशार लेखकांना न सुटलेले कोडे इथे असे साधेपणाने सुटले.

टॉम फल्पच्या न्यूग्राउंड्स या साइटची गोष्ट याहून रांगडी आहे. फल्पने ‘पिकोज स्कूल’ हा खेळ १९९९ मध्ये केला. फ्लॅशमध्ये नीट प्रोग्रॅमिंगची सोय येण्याआधी, बटणे आणि फ्रेम यांची कसरत करून. विषय शाळेतला गोळीबार, आणि तेही अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडाच्या वर्षी. ते पाहताना अजूनही अस्वस्थ व्हायला होते. २००० पासून मात्र त्याच्या साइटवर कोणीही आपले काम स्वतः चढवू लागला आणि पाहणारे शून्य ते पाच गुण देऊ लागले. गुण फारच कमी पडले तर ते काम साइटवरून आपोआप उडे. संपादक नाही, परीक्षक नाही. हजारो पोरांनी पोरांचे काम तपासायचे. निकाल बऱ्याचदा रासवट लागे, रक्तपात आणि शिवराळपणाला भाव जास्त असे. पण यातल्या कित्येकांना आपले पहिले काम दाखवायला जगात दुसरी जागा नव्हती, हेही तितकेच खरे.

सगळेच असे आरडाओरड करणारे नव्हते. एमी विनफ्री हिने २००० च्या सुमारास ‘मफिन फिल्म्स’ ही मफिन केकांवरची छोटी, तिरकस कार्टुने एकटीने केली आणि २००३ पासून ‘मेकिंग फीन्ड्स’. ही दुसरी मालिका २००८ मध्ये निकलोडियनच्या वाहिनीवर गेली. इंग्लंडात डेव्हिड फर्थ याच्या २००४ च्या ‘सॅलड फिंगर्स’ने भीतीचा एक नवाच सूर लावला, गंजलेल्या चमच्यांवर बोटे फिरवणारा तो हिरवा माणूस एकदा पाहिलेला कोणी विसरत नाही. ‘हॅपी ट्री फ्रेंड्स’मधले गोंडस प्राणी अनाकलनीय बडबडत आणि भयंकर रीतीने मरत, भाषा नसल्याने ते कुठेही चालले.

हा सारा अमेरिका-इंग्लंडचाच इतिहास आहे असे समजू नये. चीनमध्ये झू झिचियांग या तरुणाने काड्यांच्या माणसांच्या मारामाऱ्यांची ‘शिआओ शिआओ’ मालिका काढली. तिचा २००१ मधला तिसरा भाग जगभर फिरला. डोके म्हणजे काळा गोळा, अंग म्हणजे पाच रेषा. पण उडी, गिरकी, लाथ यांची वेळ इतकी अचूक की हाँगकाँगच्या मारधाडपटांचा सगळा अभ्यास त्यात दिसतो. आखडलेल्या ॲनिमेशनच्या या काळात पूर्ण, सळसळत्या हालचालीचा हा अपवाद आहे, आणि तो शक्य झाला कारण त्याने चेहरे, कपडे, रंग सगळे सोडून दिले. पुढे नायकेच्या जाहिरातीत तसाच काडीमाणूस दिसला तेव्हा झू न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयात जिंकला, २००६ मध्ये वरच्या न्यायालयात हरला. काडीचा माणूस सगळ्यांचाच, त्यावर एकाची मालकी नाही, असा त्या निकालाचा रोख. कायद्याच्या विद्यार्थ्याने या विषयात शिरायचे असेल तर हे दार उत्तम. कोरियातला माशिमारो हा सशासारखा जाडा प्राणीही याच काळातला. त्याची खेळणीच कार्टुनांहून जास्त खपली असावीत.

२००५ नंतर काय झाले ते थोडक्यात सांगता येते. यूट्यूबचा व्हिडिओ सुरुवातीला फ्लॅशच्याच खिडकीत चाले. फ्लॅशने आपल्या हाताने आपला प्रतिस्पर्धी वाढवला. ब्रॉडबँड आला तशी काटकसरीची गरज संपली. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोनवर फ्लॅश का नको हे जाहीर पत्रात लिहिले. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर फ्लॅश फाइल चालवेनासा झाला.

आता अभ्यासाच्या रीतीबद्दल. या दशकातली पुष्कळ कार्टुने आज यूट्यूबवर सापडतात आणि नवा अभ्यासक तिथूनच सुरुवात करतो. माझा आग्रह आहे की त्या व्हिडिओला मूळ कृती मानू नये. मूळ कृती म्हणजे एसडब्ल्यूएफ ही फाइल. स्ट्राँग बॅडच्या पत्राच्या व्हिडिओत लपवलेली क्लिक एकतर गळते, नाहीतर शेवटी ओळीने जोडून दाखवली जाते. शोधण्याचा आनंद, आणि न सापडण्याची शक्यता, दोन्ही जातात. कार्टून उतरेपर्यंत पडद्यावर टक्के मोजत बसणारा, कधी स्वतःच विनोद करणारा प्रीलोडरही जातो. व्हेक्टर रेषा कोणत्याही आकारात ताणली तरी स्वच्छ राहते. व्हिडिओत ती फुटते. आणि फाइल किती केबीची होती ही माहिती, जी त्या कलावंताच्या प्रत्येक निर्णयामागे होती, व्हिडिओ आपल्याला देतच नाही.

सुदैवाने मूळ फाइल पाहण्याची सोय आहे. रफल नावाचा मुक्त प्रोग्रॅम जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. न्यूग्राउंड्सने त्याला पाठबळ दिले आणि नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट आर्काइव्हही तोच वापरते. फ्लॅशपॉइंट या स्वयंसेवी संग्रहात लाखाहून अधिक खेळ आणि कार्टुने जमा आहेत. आपला काळ जुना असण्याचा इथे फायदाच होतो: २००६ मध्ये फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा बदलली, त्याआधीच्या फाइली रफलवर बहुधा विनातक्रार चालतात. अडचण येते ती अनेक फाइलींना तुकड्यातुकड्याने बोलावणाऱ्या साइटींची. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या जुन्या साइटींच्या साठ्यात मुख्य फाइल असते, पण तिने मागवलेला आवाज किंवा पुढचा भाग कोणी साठवलेला नसतो. अशा वेळी जे दिसते त्यावरून ‘हे कार्टून मूक होते’ असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नये.

मराठी वाचकाने या विषयाकडे का वळावे, याचे एक कारण अगदी जवळचे आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पुढे सायबर कॅफे आले, आणि मल्टिमीडियाच्या क्लासांतून फ्लॅश शिकवले जाऊ लागले. त्या वेळी मराठी साइट वाचायची तर आधी तिचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. फ्लॅशच्या फाइलीत मात्र अक्षर आकृती म्हणून जाई. परदेशातल्या संगणकावर एकही मराठी फॉन्ट नसला तरी जोडाक्षर, वेलांटी, रफार जागच्या जागी उमटत. दिवाळीचे हलते शुभेच्छापत्र करणाऱ्याला याची किंमत माहीत होती. या कामांची नोंद मराठीत कोणी पद्धतशीर केलेली माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून हा विषय कोणासाठी, असे विचाराल तर चित्रकाराला, कायद्याच्या विद्यार्थ्याला, ग्रंथपालाला, अर्थशास्त्र्याला इथे सारखेच काम आहे, आणि प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून कोणी बाहेर राहू नये. ज्यांनी त्या काळात क्लासमध्ये फ्लॅश शिकून काही केले होते, त्यांना एक वेगळी विनंती. घरी लिहिलेल्या सीडी अमर नसतात; पंचवीस वर्षांत कित्येक वाचण्यापलीकडे गेल्याही असतील. कपाटात असतील त्या काढा, आधी प्रत करा, सोबत कोणी, केव्हा, कशासाठी केले ते दोन ओळींत लिहा आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवून द्या. एसडब्ल्यूएफ मिळाली तर उत्तमच, पण एफएलए ही काम करतानाची फाइल मिळाली तर ती आवर्जून ठेवा. टायमलाइन, लेयर आणि वापरता वापरता टाकून दिलेली चित्रे तिच्यातच असतात.